आमची रविवारची खोली परत द्या : सांस्कृतिक भवन व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
सांस्कृतिक भवन व्यवस्थापन समिती.

विषय : इलेक्ट्रॉनिक संगीत रचणाऱ्यांची तालीम खोली बंद करणे आणि वार्षिक स्पर्धेतून त्यांना वगळणे याबाबत.

सविनय नमस्कार.

गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत भवनाच्या दुसऱ्या मजल्यावरील तालीम खोलीत आम्ही बारा-पंधरा माणसे एकत्र बसत आलो. इलेक्ट्रॉनिक साधनांवर आणि संगणकावर संगीत रचणारे आम्ही काही जण, आणि ते शांतपणे ऐकून त्यावर मत देणारे इतर काही जण, अशी ही बैठक आहे. गेल्या महिन्यात भवनाच्या सूचनाफलकावर आपल्या समितीचा ठराव लागला आणि बैठक बंद पडली. ठरावात आमचा उल्लेख ‘डीजे व तत्सम ध्वनिक्षेपक संच वापरणारे गट’ असा आहे. त्या एका उल्लेखामुळे शंभर रुपयांचे रविवारचे भाडे अडीच हजारांवर गेले, पाच हजारांची अनामत आणि दर वेळी पोलीस ठाण्याचा परवाना अशा अटी लागल्या, आणि आपल्या वार्षिक संगीत स्पर्धेच्या नव्या नियमांनी आम्हाला तिथूनही बाहेर काढले. मी स्वतः तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक क्रमांक पडला. उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून, पण गावाने वाचावे यासाठी लिहीत आहे.

या प्रकरणात माझा काय संबंध, ते आधी सांगतो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझे वडील इथल्याच बाजारपेठेत रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करीत. सोल्डरच्या धुराचा वास आणि उघड्या स्पीकरची खरखर यांत मी लहानाचा मोठा झालो. कॉलेजची फी मी लग्नसराईत बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवून भरली. खानदेशातली वरात पाहिलेल्या कोणालाही ती गाडी समजावून सांगायला नको. वर भोंगे, मागे जनरेटर, एका बाजूला पॅडवाला आणि मधोमध कीबोर्डवाला. त्या कीबोर्डवर पावरीचा (हे आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य) किंवा सनईचा आवाज लावायचा, उजव्या हाताने सूर वाजवायचे आणि डाव्या हाताने बेंडचे, म्हणजे स्वर वर-खाली ओढायचे, चाक फिरवायचे, ही आमच्याकडची विद्या आहे. १९८३ साली ‘मिडी’ नावाचा संकेत आला, तेव्हापासून जगभरची अशी वाद्ये एकमेकांशी त्याच भाषेत बोलतात. त्यात स्वरांसाठी १२८ क्रमांक आहेत, पण बेंडच्या चाकासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत, आणि पावरीची सगळी ओढ त्या पायऱ्यांत असते, पट्ट्यांत नसते. मला हे ज्यांनी शिकवले ते सातवीच्या पुढे शिकलेले नव्हते. “चाक लवकर सोडलं तर पावरी मरते आणि नुसती पेटी उरते,” असे ते म्हणत. आज वर्गात ध्वनीचा धडा शिकवताना मला पुस्तकाच्या आधी त्यांचा डावा हात आठवतो.

पुढे मला वरातीसाठी नसलेले, बसून ऐकायचे असे काही रचावेसे वाटू लागले आणि माझ्यासारखी आणखी माणसे या भागात आहेत असे कळत गेले. त्यांतून बैठक उभी राहिली. माझे पोट या कलेवर नाही, तेव्हा खोली गेल्याने माझा घास गेलेला नाही. पण ज्या कामात मी आयुष्याची वीस वर्षे घातली ते काम ‘तत्सम’ या शब्दात गुंडाळून बाहेर ठेवले गेले, याचे दुःख मी लपवणार नाही.

पहिली हरकत त्या शब्दालाच आहे. डीजे हा माझ्या लेखी कमी प्रतीचा धंदा नाही. आमच्यातले दोघे तरुण हंगामात त्यावरच घर चालवतात. परंतु मिरवणुकीत मोठ्या आवाजात गाणी लावणे आणि बंद खोलीत चार स्पीकर चार कोपऱ्यांत ठेवून एखादी अपुरी रचना पुन्हा पुन्हा ऐकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समितीला हे ठरवण्यासाठी एका रविवारी जिना चढून वर येणे पुरेसे होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे. त्याच नियमांत सभागृह, सामाजिक भवन यांसारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत होणाऱ्या वापराला रात्रीच्या बंदीतूनही वगळले आहे. आम्ही तर भर सकाळी बसतो. दार लावल्यावर आमचा आवाज जिन्यात शेजारच्या तबल्याच्या वर्गाइतकाही येत नाही, आणि त्या वर्गाला अनामत नाही. एकदाही कोणा शेजाऱ्याची तक्रार आल्याचे आम्हाला कळवलेले नाही. आली असेल तर ती दाखवावी. आम्ही त्या घरी जाऊन बोलू.

आता ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो तो मुद्दा. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला भेटीत विचारले, “आता मोबाईलला सांगितलं की गाणं तयार होतं. तुम्हाला खोली कशाला लागते?” त्यांनी हे दुखावण्यासाठी विचारले नव्हते, हे मी जाणतो, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी त्यांना त्या दिवशी नीट देऊ शकलो नाही. ते इथे देतो.

आमच्या बैठकीत रावेर तालुक्यातील एक मुलगी येते. घरी केळीची बाग आहे. रात्री थ्री फेज आले की तिचे वडील टॉर्च घेऊन मोटार लावायला जातात. एकदा तीही गेली आणि तिने साध्या मोबाईलवर पाऊण तासाचे ध्वनिमुद्रण केले. त्यात बांधावरच्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण आहे, स्टार्टरचा खटका आहे, ठिबकच्या नळ्यांतून पाण्याच्या आधी सुटणाऱ्या हवेचा सुस्कारा आहे, ओल्या पानांवर पडणारी वडिलांची पावले आहेत. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि डीपीचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. म्हणून त्या गुणगुणीचा पाया शंभर आवर्तनांचा असतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर तो मंद्रातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा स्वर आहे. तिने तो षड्ज मानला. सगळ्या रचनेला तोच आधार, आणि त्याच्यावर स्टार्टरचा खटका ताणून, उलटा करून, कधी इतका मंद करून की त्याची देवळातल्या घंटेसारखी आस ऐकू यावी, अशी तिने मांडणी केली.

हे काम चार महिने चालले. पहिल्यांदा तिने ते ऐकवले तेव्हा सगळेच ध्वनी एकदम बोलत होते. आमच्या बैठकीला तबल्याचे एक निवृत्त शिक्षक येतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांना संगणकातले काही कळत नाही, असे ते स्वतः सांगतात. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले आणि म्हणाले, “बेटा, तुझा सा चौथ्या मिनिटाला सुटतो आणि आठव्या मिनिटाला परत येतो. मधल्या वेळात तो माझ्या मनात चालू राहील असं काही ठेवलं नाहीस.” पुढच्या तीन रविवारी ती काहीतरी बदलून आणत होती. शेवटी तिने ती गुणगुण पूर्ण न काढता फक्त मागच्या डाव्या स्पीकरमध्ये, जेमतेम जाणवेल इतकी ठेवली. आठव्या मिनिटाला ती चारही बाजूंनी परत आली तेव्हा खोलीत कोणी हलले नाही. रचना अकरा मिनिटांची झाली.

खोली कशाला लागते, याचे उत्तर या हकिकतीत आहे. शंभर आवर्तनांचा स्वर मोबाईलच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. ती मुलगी घरी काम करत होती तेव्हा तिला स्वतःचा षड्ज नीट ऐकू येत नव्हता. तो तिने पहिल्यांदा ऐकला तो आपल्या भवनातल्या खोलीत. आणि नानांचे ते वाक्य कोणत्याही यंत्राने तिला सांगितले नसते, कारण ते वाक्य चाळीस वर्षे समेवर लक्ष ठेवून बसलेल्या माणसाचे होते. यंत्राला सांगून गाणे मिळत असेल, त्याबद्दल माझा वाद नाही. ज्याला स्वतःच्या बांधावरच्या रात्रीचे काही म्हणायचे आहे, त्याला ते म्हणता येईपर्यंत ऐकणारी माणसे लागतात आणि ती माणसे बसतील अशी जागा लागते.

ही जागा सार्वजनिक असावी, असा आमचा आग्रह का, तेही सांगायला हवे. आम्ही समितीकडे काही जगावेगळे मागत आहोत असे वाटत असेल तर या संगीताचा जन्मच पाहावा. पॅरिसमध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये रेल्वेगाडीच्या आवाजांतून रचना केली ती फ्रेंच नभोवाणीच्या खोलीत बसून. जर्मनीत कोलोनच्या नभोवाणी केंद्राने १९५१ मध्ये, इटलीत मिलानच्या केंद्राने १९५५ मध्ये, लंडनमध्ये बीबीसीने १९५८ मध्ये अशाच खोल्या दिल्या. यातल्या एकाही ठिकाणी पहिल्या दिवसापासून तिकीट लावून गर्दी जमेल अशी अपेक्षा नव्हती. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी एक खोली, थोडी यंत्रे आणि पुरेसा वेळ दिला, आणि त्यातून पुढे सिनेमाचे, रेडिओचे, आज आपल्या वरातीत वाजणारेही आवाज निघाले.

आणि हे केवळ परदेशात घडले असेही नाही. भारत सरकारने १९६१ मध्ये अहमदाबादला स्थापन केलेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ‘मूग’ नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य, आणून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. म्हणजे जेव्हा आपल्याकडे ट्रान्झिस्टर हीच नवलाई होती तेव्हा भुसावळहून सुरतमार्गे जाता येईल इतक्या अंतरावर भारतीय रचनाकार हे काम करीत होते. तीन-चार वर्षांत तो स्टुडिओ थांबला. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने २०१७ च्या सुमारास तिथे जाऊन त्या उघडेपर्यंत जवळजवळ कोणाला त्यांची आठवण उरली नव्हती. चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत तीन यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली; तीही पडून राहिली आणि २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झाले. या दोन्ही हकिकती वाचताना मला अभिमानापेक्षा वाईट अधिक वाटते. रचना होत्या, यंत्रे होती. ऐकून पुढे नेणारी मंडळी टिकली नाही, आणि एका पिढीने जे शिकून ठेवले ते पुढच्या पिढीला सापडलेच नाही. आमच्या गावात, आमच्या हयातीत तेच पुन्हा व्हावे, हे मला मान्य नाही.

दुसरी हरकत स्पर्धेच्या नियमांवर आहे. ‘स्वतंत्र संगीतरचना’ या विभागात आतापर्यंत आमच्यातले लोक भाग घेत होते. गेल्या वर्षी एका रचनेला तिसरे पारितोषिकही मिळाले. यंदा दोन अटी नव्याने आल्या आहेत. स्पर्धकाने मंचावर प्रत्यक्ष वाद्य वाजवले पाहिजे, ही एक, आणि रचनेची स्वरलिपी अर्जासोबत जोडली पाहिजे, ही दुसरी. पहिल्या अटीबद्दल इतकेच म्हणतो की वाद्यवादनाचा विभाग स्वतंत्र आहेच; रचनेच्या विभागात परीक्षण रचनेचे व्हावे. दुसरी अट मात्र मला अधिक खुपते. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुसऱ्या कलमात संगीतकाराची व्याख्या दिली आहे, आणि ज्याने संगीत रचले तो संगीतकार, मग त्याने ते कोणत्याही लिपीत उतरवलेले असो वा नसो, असा तिचा स्पष्ट अर्थ आहे. हा कायदा आमच्या रावेरच्या मुलीला संगीतकार मानतो. समिती मानत नाही.

कायदाही बाजूला ठेवू. आपण खानदेशात आहोत. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, काम करता करता त्या रचत गेल्या, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव व नात्यातील एकाने ते कागदावर उतरवले म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते पुस्तकरूपाने महाराष्ट्राला मिळाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या भूमीतल्या स्पर्धेत ‘कागद नसेल तर रचना नाही’ असा नियम व्हावा, हे आपल्यापैकी कोणालाच मनातून पटत नसणार, असा माझा विश्वास आहे. डीपीच्या गुणगुणीची स्वरलिपी कशी लिहायची? तिची ध्वनिफीत हीच तिची लिपी आहे. हवे तर स्पर्धकाने परीक्षकांसमोर बसून प्रत्येक ध्वनी कुठून आणला आणि त्याचे काय केले हे तोंडी सांगावे, अशी अट घाला. आम्ही आनंदाने सांगू.

तिसरी गोष्ट लिहिताना मला संयम ठेवावा लागत आहे. खोलीत आमचे एक लोखंडी कपाट होते. त्यात बैठकीच्या रचनांच्या दोन हार्ड डिस्क, साउंड कार्ड, केबली आणि माझ्या वडिलांनी दुकानात जपलेल्या चाळीसेक कॅसेट होत्या. त्या कॅसेटांत आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी होती, कानबाई देवीच्या रोटाच्या, म्हणजे श्रावणातल्या उत्सवाच्या, रात्री बायकांनी म्हटलेली गाणी होती. गल्लीतले लोक टेप दुरुस्तीला आणत आणि वडील त्यांच्या परवानगीने एक प्रत ठेवून घेत. खोली बंद करताना हे कपाट आम्हाला न कळवता तळमजल्यावर जिन्याखाली हलवण्यात आले. तिथे भिंतीला ओल आहे. तीन आठवड्यांनी आम्हाला ते उघडायला मिळाले तेव्हा खालच्या कप्प्यातील नऊ कॅसेटांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. मी त्या घरी आणल्या, कवचांचे स्क्रू काढले, कापसाच्या बोळ्याने हात हलका ठेवून एकेक फीत पुसली. सहा वाजल्या. दोन वाजतात पण मधून मधून आवाज खोल पाण्यात गेल्यासारखा होतो. एक पिळवटली आणि तुटली. तिच्यावर वडिलांच्या अक्षरात ‘रोट, श्रावण, मागची गल्ली’ एवढेच लिहिलेले आहे. त्या रात्री गाणाऱ्यांपैकी आज किती जणी आहेत, हे मी मोजायला गेलो नाही. नुकसानभरपाई मागत नाही. ज्यांनी कपाट हलवले त्यांनाही दोष देत नाही. त्यांना सांगितले तसे त्यांनी केले. पण आत काय आहे हे विचारायला एक फोन पुरेसा होता.

या कॅसेटा आमच्यासाठी आठवणीची अडगळ नव्हत्या, कच्चा माल होत्या. आमच्यातील एकाने आपल्या आजीच्या घरच्या जात्याची घरघर मुद्रित करून तिच्यावर एक छोटी रचना केली होती. ऐंशी ओलांडलेल्या आजीला त्याने खोलीत आणून मधोमध खुर्चीवर बसवले. सुरुवातीला ती इकडेतिकडे पाहत राहिली. मग मान हलवत म्हणाली, “हाऊ ते मना जाताना आवाज शे!” (हा तर माझ्या जात्याचा आवाज आहे!) आणि तिने मांडीवर हात गोल फिरवायला सुरुवात केली. आवाजाला मूळ वेगाच्या चौथाईवर आणलेले होते, तरी तिला तो ओळखता आला.

खोली गेल्याने कोणाकोणाचे काय गेले, तेही समितीपुढे असावे. रावेरच्या मुलीला घरून परवानगी होती ती ‘भवनात, दिवसा, नाना असतात तिथे’ अशी. कोणाच्या घरी किंवा गोदामात भरणाऱ्या बैठकीला तिला पाठवणार नाहीत, आणि तिच्या आईवडिलांना मी दोष देऊ शकत नाही. धडगावकडचा, पावरा या आदिवासी समाजातला एक विद्यार्थी धुळ्यात शिकतो आणि महिन्यातून दोनदा सकाळच्या एसटीने येत असे. त्याच्या गावची होळी, ढोल, नाचणाऱ्यांच्या कमरेचे घुंगरू हे त्याने गावातल्या मोठ्यांची संमती घेऊन मुद्रित केले आहे आणि त्यावर तो सव्वा वर्ष काम करतो आहे. आपली गोष्ट बाहेरच्या कोणी येऊन न सांगता आपणच सांगावी, असे त्याचे म्हणणे. खोली बंद झाल्यापासून तो आलेला नाही. फोनवर म्हणाला, “सर, जागा ठरली की कळवा.” मी अजून कळवू शकलेलो नाही.

आणि ज्यांनी स्वतः एक सूरही रचला नाही, पण ज्यांच्यावाचून आम्ही दोन महिनेही टिकलो नसतो, त्यांनाही मी इथे मोजतो. चारपैकी दोन स्पीकर एका बँडमालकांनी दिलेले आहेत, जळालेली कॉइल बदलून. पाच पट्ट्या मेलेला त्यांचा जुना कीबोर्ड आयटीआयच्या एका मुलाने दोन रविवारी बसून जिवंत केला. खालचे चहावाले अकरा वाजता न सांगता किटली घेऊन वर येत आणि दाराबाहेर थांबत. रचना संपल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. आम्ही वापरतो ती संगणकाची आज्ञावलीही (सॉफ्टवेअर) अशीच वाटून मिळालेली आहे. मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले ‘प्युअर डेटा’, २००० साली आलेले ‘ऑडॅसिटी’ ही साधने ज्यांनी बनवली त्यांनी ती जगाला मोफत दिली, आणि कोणी अडले तर दुसऱ्याने आपली जुळणी उघडून दाखवायची, अशी त्या कामाची रीत पडली आहे. म्हणून आम्हाला समितीकडून अनुदान नको, यंत्रे नकोत. लागणारा खर्च कसा कमी ठेवायचा हे आम्हाला ठाऊक आहे. चार स्पीकर आणि एक लॅपटॉप मिळून खोलीतल्या दोन पंख्यांइतकी वीज लागते. ते बिलही वेगळे मोजायचे असेल तर छोटा मीटर आम्ही बसवून देऊ.

भवन चालवणे सोपे नाही, हे मी जाणतो. दुरुस्तीचा खर्च आहे, लग्नसमारंभांचे भाडे बुडवून चालत नाही, आणि डीजेच्या आवाजाबद्दल लोकांच्या खऱ्या तक्रारी असतात, त्यांवर काही नियम करणे समितीला भागच होते. तो नियम करताना आमच्यासारखे चार शांत लोक त्याखाली आले, एवढेच घडले असेल तर दुरुस्ती अवघड नाही. आमच्या मागण्या अशा आहेत.

ठरावातील ‘डीजे व तत्सम’ या वर्गातून आमची बैठक काढावी आणि तिला तबला, गायन व नृत्याच्या वर्गांप्रमाणे ‘संगीत तालीम’ या सदरात घ्यावे. रविवारी सकाळी दहा ते एक ही वेळ आणि तीच खोली जुन्या भाड्याने परत द्यावी. भाडे सर्वांसाठीच वाढणार असेल तर इतर वर्गांइतकी वाढ आम्हालाही मान्य आहे. आवाजाची मर्यादा लेखी ठरवून द्यावी. दाराबाहेर मोजणी करून नोंदवहीत लिहिण्याची जबाबदारी मी घेतो आणि मर्यादा ओलांडली गेल्यास त्या दिवसापुरती बैठक बंद करण्याचा अधिकार भवनाच्या पहारेकऱ्याला द्यावा.

स्पर्धेच्या ‘स्वतंत्र संगीतरचना’ विभागातून मंचावरील वादनाची आणि स्वरलिपीची अट या वर्षीच, अर्जांची मुदत संपण्यापूर्वी काढावी. परीक्षकांत इलेक्ट्रॉनिक संगीताचा परिचय असलेली एक व्यक्ती असावी. ती आमच्या बैठकीतील नसली तरी चालेल, किंबहुना नसलेली बरी.

कपाट कोरड्या जागी, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर यादी करून ठेवावे, आणि पुढे कोणत्याही वर्गाचे साहित्य हलवण्यापूर्वी त्या वर्गाला कळवावे. ही मागणी केवळ आमच्यासाठी नाही. शेजारच्या खोलीत नाटकाच्या मुलांचे पडदे आणि कथकच्या मुलींचे चाळ आहेत.

शेवटची मागणी उत्तराची. तीन अर्जांचे आवक क्रमांक मी कार्यालयात पुन्हा दिले आहेत. समितीच्या पुढच्या सभेत आम्हाला पंधरा मिनिटे बोलू द्यावे आणि निर्णय काहीही झाला तरी तो लेखी, कारणांसह द्यावा. नकार असेल तर तोही कागदावर असावा, म्हणजे धडगावच्या मुलाला मी काहीतरी नक्की सांगू शकेन.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही त्याच बँडमालकांच्या गोदामात जमणार आहोत. लग्नसराई संपल्याने त्यांची गाडी आत उभी आहे, तिच्या भोवती चार स्पीकर मांडता येतात. केळीच्या बागेची ती रचना तिथे लावू. ती मुलगी येऊ शकणार नाही, पण तिने परवानगी दिली आहे. समितीतील ज्यांनी मला खोलीबद्दल विचारले होते त्यांच्यासाठी मधली खुर्ची ठेवली आहे. इतर सदस्यांनीही यावे. रचना अकरा मिनिटांची आहे आणि नाना सव्वादहाला सुरू करतात.

आपला विश्वासू,
रविवारच्या बैठकीतील एक संगीतरचनाकार,
गिरणाकाठ, खानदेश.